अॅम्प मोठा घेऊ की छोटा? आधी ओहम मोज भाऊ

नागपूरच्या महाल भागातून एका वाचकाचं पत्र आलंय, थोडं कमी करून देतो:

"दादा, मी आणि माझा चुलतभाऊ मिळून साउंडचं काम करतो. लग्न, हळद, भीमजयंती, मंडळाचे कार्यक्रम. आमच्याकडे १५ इंचाचे चार टॉप (मिड-हाय वाजवणारे डबे) आहेत, ४०० वॅट आरएमएस (सतत झेपणारे वॅट), ८ ओहम. १८ इंचाचे दोन बेस, ६०० वॅट आरएमएस, तेही ८ ओहम. अॅम्प एकच आहे, एका चॅनलला ८ ओहमवर ५०० आणि ४ ओहमवर ८०० वॅट. एका बाजूचे दोन टॉप आणि एक बेस लिंक करून एका चॅनलवर टाकतो. बेस कमी पडतो म्हणून मिक्सरवर लो वाढवतो. या सीझनमध्ये टॉपचे तीन ड्रायव्हर (हाय वाजवणारे छोटे युनिट) जळाले, आणि वर्धा रोडच्या एका लॉनवर दुपारच्या हळदीत अॅम्प दोनदा प्रोटेक्टमध्ये गेला (स्वतःला वाचवायला बंद पडला), नवरदेवाच्या मामाने सगळ्यांसमोर झापलं. दुकानदार म्हणतो ४ ओहमला २००० वॅटवाला अॅम्प घ्या. मित्र म्हणतो मोठा घेतला तर सगळंच जळेल, छोटाच ठीक. तिसरा म्हणतो छोट्या अॅम्पनेच स्पीकर जळतात. कोणाचं ऐकू?"

भाऊ, तिघंही थोडं थोडं बरोबर बोलून राहिले आणि म्हणूनच तुझा गोंधळ झालाय. पण तुझा अॅम्प दुपारी का बंद पडला आणि तुझे ड्रायव्हर का जळाले याचं उत्तर तिघांपैकी कोणीच दिलं नाही, आणि ते तुझ्याच पत्रात लिहिलेलं आहे.

एका चॅनलवर ८ ओहमचे तीन डबे (ओहम म्हणजे करंटला होणारा अडथळा, तो जितका कमी तितका अॅम्पवर ताण जास्त). लिंक केले म्हणजे ते पॅरलल झाले, म्हणजे ८ भागिले ३, म्हणजे २.६७ ओहम. तुझ्या अॅम्पवर कंपनीने आकडे ८ आणि ४ ओहमचेच दिलेत, २ चा दिलेला नाही, याचा अर्थ ४ च्या खाली जाऊ नका असाच घ्यायचा, मागच्या पट्टीवर "मिनिमम लोड" असं बहुतेक लिहिलेलं पण असेल, बघ एकदा. २.६७ वर त्याला ४ ओहमच्या दीडपट करंट द्यावा लागतो. आणि ८ ओहम हा नावाचा आकडा असतो, डबा प्रत्यक्षात काही फ्रिक्वेन्सीवर ६ च्या आसपास उतरतो, म्हणजे मधूनमधून तुझा अॅम्प दोन ओहमच्या जवळ चालून राहिला होता. वर नागपूरची दुपार, लॉनवर ताडपत्रीखाली रॅक, फॅनच्या जाळीत सीझनभराची धूळ. प्रोटेक्टमध्ये गेला हे चांगलंच झालं, नाही तर आऊटपुट ट्रान्झिस्टर गेले असते आणि मामाचं बोलणं त्यापुढे स्वस्त वाटलं असतं.

आता ड्रायव्हर. हे नीट समजून घे कारण इथेच सगळा पैसा जातो. तिघंही पॅरलल म्हणजे तिघांना व्होल्टेज सारखंच, बेसला टॉपपेक्षा एक वॅटही जास्त मिळत नाही. पण बेसला जास्त लागतं, कान खालच्या आवाजाला कमी तिखट असतो आणि वर मोकळी जागा, भिंती नाहीत. म्हणून बेस कमी वाटतो, म्हणून तू मिक्सरवर लो चढवतो. ६ डीबी (आवाजाचं माप) चढवलं की त्या भागात चारपट वॅट लागतात, १२ डीबी चढवलं की सोळापट. सोळापट कुठून आणणार? अॅम्प डोक्याला लागतो, क्लिप होतो म्हणजे वेव्हचं डोकं कापलं जातं, लाल लाईट पेटून राहते. बेस तिथेच अडकतो, वर जातच नाही, मग अजून आवाज हवा म्हणून मास्टर वाढवला जातो आणि आता वाढतं काय तर फक्त वरचं, मिड आणि हाय, कारण वाढायला जागा त्यांनाच उरलेली असते. त्यात क्लिपिंगमुळे तयार झालेला वरच्या फ्रिक्वेन्सीचा कचरा मिसळतो. आणि हे सगळं डब्यातला क्रॉसओव्हर (आवाज वरचा-खालचा वाटून देणारं सर्किट) इमानदारीने कोणाला पाठवतो? त्या छोट्या ड्रायव्हरला. ४०० वॅटच्या डब्यातला ड्रायव्हर स्वतः बऱ्याचदा ४०-६० वॅटचाच असतो. डब्यावरचे ४०० हे मुख्यतः १५ इंची स्पीकरच्या जिवावर लिहिलेले असतात. म्हणून तुझे तीन ड्रायव्हर गेले आणि १५ इंची एकही गेला नाही.

म्हणजे तुझे ड्रायव्हर जळाले ते बेसच्या कमतरतेमुळे. हे डोक्यात पक्कं बसव.

स्पीकर मरतो दोन कारणांनी. एक, कोन इतका बाहेर-आत जातो की कॉइल मागे आपटते किंवा सस्पेन्शन फाटतं. दोन, व्हॉइस कॉइल (कोन हलवणारी तारेची गुंडाळी) तापून जळते, आणि लाईव्हमध्ये जास्त करून हेच होतं. कॉइलला सरासरी वॅट मारतात, क्षणाचे वॅट नाही. मे महिन्यात उन्हातून पळत रस्ता ओलांडला तर काही होत नाही, तेच ऊन तासभर डोक्यावर घेतलं तर माणूस आडवा होतो, तसंच आहे हे.

डब्यावरचे तीन आकडे पण यातूनच येतात. ४०० आरएमएस, ८०० प्रोग्रॅम, १६०० पीक. टेस्टमध्ये पिंक नॉईज (सगळ्या फ्रिक्वेन्सी मिसळलेली खरखर) वाजवतात, त्याचे पीक सरासरीपेक्षा ६ डीबी वर ठेवलेले असतात, ६ डीबी म्हणजे चारपट, म्हणून ४०० चे १६००. प्रोग्रॅम हा दोघांच्या मधला सोयीचा आकडा, कंटिन्युअसच्या दुप्पट. एईएसच्या (ऑडिओ इंजिनियरिंग सोसायटीच्या) जुन्या पद्धतीत ही टेस्ट दोन तासांची. दोन तास! आपलं लग्न संध्याकाळी सहाला सुरू होतं. आणि टेस्टची खोली काही ४५ डिग्रीची नसते. तांब्याचा रेझिस्टन्स दर डिग्रीला साधारण ०.४ टक्के वाढतो, कॉइल २०० डिग्रीने तापली की ती जवळपास पावणेदोनपट ओहमची होते, म्हणजे अॅम्प तेवढाच लावलेला असतो पण डबा कमी वॅट खातो आणि आवाज ३ डीबी किंवा जास्त पडतो. रात्री नऊ वाजता "सुरुवातीला जोरात वाजत होता आता दबला" असं वाटतं ना, ते हेच. त्या वेळी मास्टर वाढवणं म्हणजे तापलेल्या कॉइलला अजून तापवणं. पीएमपीओवाला (जाहिरातीसाठी फुगवलेला) आकडा कुठे दिसला तर तो वाचूच नको.

आता तिघांचं ऐकू. जो म्हणतो छोट्या अॅम्पने स्पीकर जळतात, त्याचं अर्धं खरं. २०० वॅटचा अॅम्प लाल न होता ४०० वॅटच्या डब्यावर वर्षानुवर्षं वाजेल, काही होणार नाही, फक्त आवाज कमी. जळतं कधी, तर त्या २०० कडून ४०० चं काम करून घेतलं की. पूर्ण क्लिप झालेली वेव्ह चौकोनी होते आणि चौकोनी वेव्हमध्ये त्याच उंचीच्या साईन वेव्हपेक्षा दुप्पट पॉवर असते, म्हणजे २०० चा अॅम्प ४०० च्या आसपास ओकतो, तेही न थांबता. क्लिप झाल्यावर डीसी जातो आणि त्याने स्पीकर जळतो असं बरेच मेकॅनिक सांगतात, ते सोडून दे, अॅम्प बिघडला तर डीसी येतो, नुसत्या क्लिपिंगने स्पीकर जळतो तो सरासरी वॅट वाढल्याने.

मित्राचं म्हणणं, मोठा घेतला तर सगळंच जळेल. लिमिटर (ठरवलेल्या हद्दीवर आवाज अडवणारं सेटिंग) नसेल तर हो. दुकानदाराचा २००० वाला घेतला आणि दोन टॉप एका चॅनलवर लावले तर एका टॉपला १००० मिळू शकतात, आरएमएसच्या अडीचपट, आणि नवरदेवाचे मित्र स्टेजजवळ येऊन "वाढव ना भाऊ" म्हणायला लागले की ते १००० जाणारच. बरं, एवढं करून मिळणार किती? ८०० चे १६०० वॅट केले तर फक्त ३ डीबी. कानाला "थोडं वाढलं" एवढंच कळतं. दुप्पट जोरात वाटायला साधारण १० डीबी लागतात आणि १० डीबी म्हणजे दहापट वॅट. म्हणून अॅम्पचे वॅट वाढवून आवाज वाढवणं हा सगळ्यात महाग रस्ता आहे. पुढच्या वेळी डबे घेशील तेव्हा सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच वॅटमध्ये डबा किती आवाज देतो) बघ, ९७ डीबीवाल्याऐवजी १०० डीबीवाला घेतला तर फुकटात अॅम्प दुप्पट झाल्यासारखं आहे.

तुझ्यासाठी हिशोब असा. आत्ताच्या अॅम्पवर फक्त टॉप ठेव, एका चॅनलला दोन, लोड ४ ओहम, ८०० वॅट, एका टॉपला ४००. डब्याचा आरएमएस आणि अॅम्प बरोब्बर जुळले! टॉपसाठी तुला नवीन अॅम्प लागतच नाही. बेससाठी दुसरा अॅम्प घे, एका चॅनलला एक बेस, ८ ओहमवर ९०० ते १२०० वॅट, म्हणजे आरएमएसच्या दीडपट ते दुप्पट. दुकानात "४ ओहमला इतके, २ ओहमला तितके" सांगतील, तू ८ ओहमचाच आकडा विचार कारण तुझा बेस ८ चा आहे. उद्या बेस चार झाले तर तोच अॅम्प ४ ओहमवर चालेल.

आणि अॅम्पच्याही आधी, हो आधी, एक डीएसपी क्रॉसओव्हर (अॅम्पच्या आधी बसणारा, बेस आणि टॉपचा आवाज वेगळा करणारा प्रोसेसर) घे. पैसे एकदम दोन्हीचे नसतील तर आधी तो घे आणि बेससाठी अॅम्प एखाद्या ओळखीच्या साउंडवाल्याकडून भाड्याने आण. मंगळवारीत, इतवारीत किंवा सीताबर्डीत कुठेही विचारलं तर अॅम्प सगळे दाखवतील, प्रोसेसरचं नाव कोणी स्वतःहून काढणार नाही, पण तुझे तीन डायफ्राम (ड्रायव्हरमधला पडदा आणि कॉइल) त्यानेच वाचले असते. त्यात टॉप १०० हर्ट्झच्या खाली कापायचे, बेस १०० च्या वर कापायचा, २४ डीबीचा स्लोप (म्हणजे किती तीव्र कापायचं ते). टॉपवरचं बेसचं ओझं गेलं की तोच ८०० वॅटचा अॅम्प एकदम मोकळा वाजायला लागतो, तुला वाटेल नवीनच आणला. बेसला खालून ३५-४० हर्ट्झवर हायपास (त्याखालचं कापणारा फिल्टर) लाव, कारण पोर्टच्या (डब्याच्या हवेच्या भोकाच्या) ट्यूनिंगखाली डब्यातली हवा कोनला धरत नाही, तो नुसता फडफडतो, आवाज काही येत नाही आणि कॉइल आपटून मरते.

मग लिमिटर. वॅट गुणिले ओहमचं वर्गमूळ काढलं की व्होल्ट येतात. ४०० गुणिले ८ म्हणजे ३२००, वर्गमूळ साधारण ५६ व्होल्ट, हा टॉप. ६०० गुणिले ८, ४८००, साधारण ६९ व्होल्ट, हा बेस. स्पीकरच्या वायरी काढून ठेव, अॅम्पचे नॉब फुल, मोबाईलवरून टोन सोड, टॉपसाठी ४०० हर्ट्झ आणि बेससाठी ६० (साधा मल्टिमीटर वरच्या फ्रिक्वेन्सीवर खोटं बोलतो म्हणून हे), आणि अॅम्पच्या आऊटपुटवर एसी व्होल्ट मोजत मिक्सर वाढव, मग आरएमएस लिमिटरचा थ्रेशोल्ड खाली आण जोवर आकडा अडकत नाही. ५६ वर अडकवला तर तो कंपनीचा दोन तासांचा आकडा झाला. मी नागपूरच्या उन्हाळ्यात आणि लांबलेल्या लग्नात टॉप ४० ते ४५ व्होल्टवरच ठेवायला सांगेन, ४० म्हणजे निम्मे वॅट, आवाज फक्त ३ डीबी कमी, कोणालाही कळत नाही. बेस ५० च्या आसपास. मोजताना उघड्या टोकांना हात लावायचा नाही, ५६ व्होल्ट घामट हाताला चांगलाच झटका देतात. नंतर अॅम्पच्या नॉबवर टेप मार. पाहुणे सोड, स्वतःच्या चुलतभावाला पण हात लावू देऊ नको. नॉब अर्ध्यावर ठेवला म्हणजे अॅम्प अर्ध्या वॅटचा झाला असं बरेच लोक समजतात, तसं नसतं, मिक्सर जोरात असला की अर्ध्या नॉबवरही अॅम्प पूर्ण जातो. आणि उलटं पण होतं, अॅम्प हिरवा, मिक्सर लाल, म्हणजे चौकोनी वेव्ह मिक्सरमध्येच तयार होऊन येते आणि अॅम्पचा क्लिप लाईट शांत. मिक्सरचं लाल पण तेवढंच बघ.

मग दीडपट-दुप्पट अॅम्प घ्यायचाच कशाला, असं विचारशील. कारण काय वाजतं यावर सगळं अवलंबून आहे. भीमगीतांचा लाईव्ह कार्यक्रम घे, ढोलकीची थाप सरासरीपेक्षा १५-२० डीबी वर उडते, ती क्षणाची असते, कॉइल तापायच्या आत संपते. तिथे मोठा अॅम्प थाप स्वच्छ सोडतो आणि छोटा तिचं डोकं कापतो, थापेतली जानच जाते. खालच्या पट्टीतला गायक आणि हार्मोनियम मोकळे ऐकू येतात ते पण या शिल्लक जागेमुळेच. डीजेचं गाणं मात्र आधीच दाबून तयार केलेलं असतं, पीक आणि सरासरीत ६-८ डीबीचं अंतर राहतं, कधी त्याहून कमी. तोच अॅम्प, तेच डबे, मीटरवर तेच पीक, पण ढोलकीपेक्षा डीजेत कॉइलवर दहापट सरासरी वॅट जाऊ शकतात. म्हणून हळदीत जळतं आणि जयंतीच्या गाण्यांत जळत नाही. झाडीपट्टीत (पूर्व विदर्भात) नाटकांना साउंड लावणारे लोक रात्रभर चालवतात आणि त्यांचे डबे टिकतात, तिथे संवाद आणि पेटी-तबला असतो, सरासरी खाली असते. लिमिटर डीजेच्या रात्रीसाठी, शिल्लक वॅट ढोलकीसाठी, दोन्ही पाहिजेत.

ब्रिज करायचं, म्हणजे दोन चॅनल जोडून एक करायचं, डोक्यात आणू नको. ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनलला निम्मा लोड दिसतो, ८ चा डबा ४ सारखा, दोन बेस मिळून ४ ओहम लावले तर प्रत्येक चॅनलला २. तुझा अॅम्प ४ चा, म्हणजे ब्रिजमध्ये ८ च्या खाली नाही.

वायर. स्टेजपासून रॅक ३० मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन ६० मीटर तांबं झालं. १ स्क्वेअर एमएमच्या वायरमध्ये ते १.२ ओहमच्या आसपास भरतं, ४ ओहमच्या लोडवर २ डीबीच्या वर नुसतं वायरमध्ये गेलं, म्हणजे तू ८०० चा अॅम्प घेऊन ५०० चा वाजवतो. २.५ वापर, नुकसान १ डीबीवर येतं. त्याहून सोपं म्हणजे रॅक स्टेजच्या मागेच ठेव आणि लांब पल्ला मिक्सरच्या बॅलन्स्ड केबलला करू दे. रॅक सावलीत, मागून गरम हवा बाहेर जायला हातभर जागा, आणि जाळी दर कार्यक्रमानंतर ब्रशने साफ.

लॉनवर व्होल्टेज पण बघत जा. लांब एक्स्टेन्शनवर २३० चे २०० झाले तर साध्या ट्रान्सफॉर्मरवाल्या अॅम्पचे वॅट पाव भाग कमी होतात आणि तो आधीच क्लिप होतो, त्या दिवशी मास्टर तेवढा खालीच ठेवायचा. आणि हम्म येतो म्हणून प्लगची अर्थिंगची पिन कधीच काढू नको, भाऊ. ओल्या हिरवळीवर माईक धरलेला गायक असतो. हम्म घालवायचा तर डीआय बॉक्सवरचं (वाद्य आणि मिक्सरच्या मध्ये लावायच्या डबीवरचं) ग्राउंड लिफ्ट आहे.

मागच्या रांगेला ऐकू जात नाही हेही तू कधी ना कधी विचारशील, तर मोकळ्यात अंतर दुप्पट झालं की ६ डीबी पडतात, १ मीटरपासून ३२ मीटरपर्यंत ३०. ते वॅटने भरून निघत नाहीत. टॉप लोकांच्या डोक्यांच्या वर उचल, चारपैकी दोन टॉप लॉनच्या मध्यावर ने आणि त्यांना डीएसपीमधून डिले दे (आवाज थोडा उशिरा सोड, म्हणजे पुढच्या टॉपच्या आवाजाशी जुळतो), मीटरला साधारण २.९ मिलिसेकंद, ३० मीटरला ८७. तोच डीएसपी. पुढच्या पाहुण्यांचे कान पण वाचतात. रात्री १० नंतर तर उघड्यावर लाऊडस्पीकर बंदच करायचा असतो, सरकारने सूट दिलेले मोजके दिवस सोडले तर.

जळालेल्या ड्रायव्हरचं. डायफ्राम बदलताना त्याच मॉडेलचा आणि त्याच ओहमचा घे, ८ ओहमचा मल्टिमीटरवर साधारण ६ दाखवतो, ३ दाखवला तर तो ४ ओहमचा आहे, परत कर. मॅग्नेटच्या गॅपमध्ये जळालेल्या कॉइलचे तुकडे राहतात, ते चिकटपट्टीच्या घडीने फिरवून काढ, नाही तर नवीन कॉइल पहिल्याच दिवशी घासते. बसवल्यावर एकट्या ड्रायव्हरला हलक्या आवाजात १ किलोहर्ट्झपासून वर टोन फिरवून ऐक, कुठे खरखर आली तर स्क्रू सैल करून पुन्हा सेंटर कर. आणि बाकी राहिलेला चौथा ड्रायव्हर पण उघडून बघ, त्यानेही तोच सीझन काढलाय, कॉइलचा रंग काळपट झाला असेल तर पुढच्या सीझनच्या आधीच बदलून टाक.